साठ डॉलर आणि वीस वर्षांनी वटणारा कागद

पहिलं महायुद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबलं आणि पुढे कितीतरी महिने अमेरिकेच्या बंदरांत फ्रान्सहून आलेली, सैनिकांनी गच्च भरलेली जहाजं लागत राहिली. छावणीत डॉक्टरी तपासणी, कागदपत्रं, शेवटची सही. मग हातात साठ डॉलर, घरापर्यंतचा प्रवासभत्ता आणि अंगावरचा गणवेश. झाली सुटका. साध्या सैनिकाचा पगार महिन्याला तीस डॉलर होता. म्हणजे दोन महिन्यांचा जास्तीचा पगार देऊन सरकारने त्याला निरोप दिला.

या साठ डॉलरवरून पुढे सतरा वर्षं वाद चालला. एकामागून एक चार राष्ट्राध्यक्षांनी सैनिकांना जादा पैसे देण्याच्या विधेयकांवर नकाराधिकार वापरला. राजधानीच्या रस्त्यावर रणगाडे आले, तेही स्वतःच्याच माजी सैनिकांवर. सैनिकांच्या पैशांचा विषय निघाला की आपली चर्चा ‘किती दिले’ इथेच अडकते. ‘कधी दिले’ आणि ‘कोणत्या रूपात दिले’ हे प्रश्न तेवढेच मोठे आहेत, आणि ते समजून घ्यायला अमेरिकेच्या या सतरा वर्षांइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. म्हणून ते जरा निवांत सांगतो.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. वर्तमानपत्रं या मागणीला ‘बोनस’ म्हणत, आणि माजी सैनिकांना तो शब्द झोंबायचा. कायद्यातला शब्द होता ‘अ‍ॅडजस्टेड कॉम्पेन्सेशन’. इंग्रजीत तो बोजड वाटतो, पण मराठीत त्यासाठी घराघरांत रुळलेला शब्द आहे: फरक. वेतन आयोग लागू झाला की शिक्षकांच्या, तलाठ्यांच्या, एसटीतल्या लोकांच्या घरी काही महिने एकच विषय असतो, फरक कधी मिळणार. फरक म्हणजे कुणी खूश होऊन हातावर ठेवलेले पैसे नव्हेत. तेव्हाच मिळायला हवे होते आणि राहून गेले, ते आता मिळतात.

सैनिकांचा फरक कशाचा होता? तीस डॉलरच्या पगारातून घरच्यांसाठी पंधरा डॉलर कापले जायचे. सरकारी आयुर्विम्याचा हप्ता सहा डॉलरच्या वर. युद्धकर्जाचे रोखे घ्यायचा आग्रह व्हायचा, तोही हप्त्याने पगारातून. खंदकात बसलेल्या माणसाच्या हातात महिनाअखेर जेमतेम काही डॉलर पडायचे. त्याच वेळी मायदेशी गोद्यांमधून आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांतून माणसांची ओढाताण चालू होती आणि मजुरी भराभर वाढत होती. भरतीत नाव न आलेला शेजारी गोदीत काम करून कितीतरी जास्त कमवत होता. युद्ध अचानक थांबल्यावर अर्धवट राहिलेल्या कंत्राटांसाठी कारखानदारांना सरकारने भरपाईही दिली. सैनिकांचं म्हणणं साधं होतं: त्यांचं नुकसान भरून देता, मग आमचं का नाही?

इथे जरा मुंबईला येतो, कारण अगदी याच काळात गिरणगावात हाच वाद पेटला होता. युद्धाच्या तेजीत गिरणी मालकांनी १९१७ पासून कामगारांना दरवर्षी बोनस द्यायला सुरुवात केली. १९२३ चा बोनस द्यायला त्यांनी नकार दिला आणि जानेवारी १९२४ मध्ये दीड लाखाहून जास्त कामगार संपावर गेले. त्यात कोकणातले, साताऱ्याचे, घाटावरचे लोक. बोनस ही मालकाची मेहेरबानी की मागे राहिलेला पगार, हाच मुद्दा. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिओड यांच्या समितीने निकाल दिला की कामगारांचा बोनसवर कायदेशीर हक्क पोचत नाही. संप मोडला. आपल्याकडे बोनसचा कायदा यायला त्यानंतर १९६५ उजाडलं.

अमेरिकी संसदेने १९२४ च्या मे महिन्यात नेमका उलटा निर्णय घेतला. १९२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी असंच विधेयक परत पाठवलं होतं. आता कूलिज यांनीही नकाराधिकार वापरला. विकत घेतलेली देशभक्ती ही देशभक्तीच नव्हे, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं होतं. मला हा युक्तिवाद कधीच पटलेला नाही. सैनिकाने देशभक्तीची किंमत मागितलीच नव्हती, त्याने मजुरीतली तफावत मागितली होती. संसदेने दोन तृतीयांश मतांनी नकाराधिकार ओलांडला आणि कायदा झाला.

आता या कायद्याचा हिशेब बघू. सगळी मेख त्यात आहे.

देशातल्या छावणीत काढलेल्या प्रत्येक दिवसाला एक डॉलर, परदेशात काढलेल्या प्रत्येक दिवसाला सव्वा डॉलर. पहिले साठ दिवस धरायचे नाहीत, कारण त्यांचे साठ डॉलर आधीच दिलेत. फक्त देशात राहिलेल्याला जास्तीत जास्त पाचशे, समुद्रापार गेलेल्याला सव्वासहाशे. कॅप्टनच्या वरच्या अधिकाऱ्यांना काही नाही.

समजा एका सैनिकाने देशात २१० दिवस काढले आणि फ्रान्समध्ये २००. देशातले साठ वजा करून उरले १५०, त्याचे १५० डॉलर. फ्रान्सचे २००, सव्वाने २५०. एकूण ४०० डॉलर. रक्कम पन्नासच्या आत असती तर तिथेच रोख मिळाली असती. पण चारशेवाल्याला रोख काहीच नाही. त्याला मिळायचं एक प्रमाणपत्र.

हे प्रमाणपत्र म्हणजे, आपल्या भाषेत सांगायचं तर, एकरकमी हप्ता भरलेली वीस वर्षांची एलआयसीची पॉलिसी. सरकारने त्या चारशेवर आधी पंचवीस टक्के चढवले, की झाले पाचशे. हे पाचशे त्याच्या नावाने भरलेला हप्ता समजायचे आणि त्यावर वीस वर्षं चार टक्के चक्रवाढ व्याज धरायचं. नुसत्या व्याजाने ही रक्कम अकराशेच्या जवळ जाते. त्यातून विम्याचा खर्च गेला की मुदतीअखेर साधारण हजार डॉलर. सैनिक मध्येच वारला तर त्याच्या घरच्यांना ही सगळी रक्कम लगेच. जिवंत राहिला तर १९४५ साली. सैनिकांनी लगेच त्याला नाव ठेवलं: थडग्याचा बोनस. अशी छत्तीस लाखांहून जास्त प्रमाणपत्रं वाटली गेली, आणि त्यांच्यावर छापलेल्या रकमांची बेरीज तीन अब्ज साठ कोटी डॉलरच्या आसपास होती.

वीस वर्षं का? अर्थखात्याचे प्रमुख अँड्र्यू मेलन यांना कर कमी करायचे होते, त्यामुळे तिजोरीतून एकदम एवढी रक्कम जाऊ द्यायची नव्हती. शिवाय एक जुनी भीती होती. १८६५ मध्ये संपलेल्या यादवी युद्धाच्या सैनिकांची पेन्शनं वाढत वाढत १८९० च्या दशकात केंद्र सरकारच्या खर्चाच्या जवळजवळ चाळीस टक्क्यांवर गेली होती. पुन्हा तसं व्हायला नको, एकदाच ठरलेली रक्कम देऊन मोकळं व्हावं, असं पुष्कळांना वाटत होतं. ही भीती अगदीच पोकळ नव्हती, हे मान्य करायला हवं.

आणि कागदावर पाहिलं तर सौदाही वाईट नव्हता. चारशेचे हजार होतात, वर विमा आहे. ज्याच्याकडे नोकरी आहे, घर आहे, त्याच्यासाठी ही उत्तम बचत. पण हे सगळं एका गृहीतकावर उभं होतं, की माणसाला थांबणं परवडतं.

थांबणं न परवडणाऱ्या सैनिकाच्या हातात कागद दिला की काय होतं हे अमेरिकेने या कायद्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी एकदा बघितलं होतं. स्वातंत्र्ययुद्ध संपत आलं तेव्हा, १७८३ मध्ये, सरकारजवळ पैसा नव्हता. अधिकाऱ्यांना जन्मभर अर्धा पगार कबूल केला होता, त्याऐवजी पाच वर्षांच्या पूर्ण पगाराचे कागद दिले. शिपायांच्या थकलेल्या पगाराचेही कागदच. घरी शेत पडीक, दारात कर्जवाला. लोकांनी डॉलरचा कागद दहा-पंधरा-वीस सेंटला विकून टाकला. १७९० मध्ये सरकारने हे सगळे कागद पूर्ण किमतीला मानायचं ठरवलं, तेव्हा फायदा झाला तो ते गोळा करून बसलेल्या सटोडियांचा. त्याच १७८३ च्या जूनमध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात सरकारच्या सभागृहाला वेढा घातला आणि प्रतिनिधी प्रिन्स्टनला निघून गेले. राजधानी कुठल्याही राज्याच्या भरवशावर नको, तिचा स्वतंत्र प्रदेश हवा, या विचाराला या प्रसंगाने मोठं बळ मिळालं. वॉशिंग्टन वेगळं शहर म्हणून वसलं त्यात न मिळालेल्या पगाराचाही वाटा आहे.

१९२४ च्या कायद्याने निदान ही एक चूक टाळली: प्रमाणपत्र विकता येत नव्हतं. पण त्यावर कर्ज काढता येत होतं, आणि इथे दुसरा सापळा होता.

१९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. १९३२ पर्यंत जवळजवळ चारातला एक कामगार बेकार होता. माजी सैनिक आता पस्तिशी-चाळिशीत, बायकापोरं असलेले. त्यांच्याजवळ विकण्यासारखं काही उरलं नव्हतं. कपाटात होता तो हजार डॉलरचा कागद. संसदेने १९३१ मध्ये, राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांचा नकाराधिकार ओलांडून, प्रमाणपत्राच्या निम्म्या रकमेपर्यंत कर्ज द्यायची सोय केली. व्याज साडेचार टक्के. लाखो जणांनी ते उचललं.

पुन्हा तोच हजारवाला सैनिक घेऊ. त्याने १९३१ मध्ये पाचशे उचलले. परत फेडायला पैसा कुठला? व्याज चढत राहणार. साडेचार टक्के चक्रवाढीने चौदा वर्षांत पाचशेचे होतात सुमारे नऊशे सव्वीस. म्हणजे १९४५ साली मुदत पुरी झाल्यावर त्याच्या हातात येणार चौऱ्याहत्तर डॉलर. सरकारने त्याला देणं असलेल्या पैशातलाच तुकडा त्यालाच व्याजाने दिला, आणि त्या व्याजात उरलेला तुकडा जाणार होता. पॉलिसीवर कर्ज काढून ती मोडीत निघालेली घरं आपल्याकडेही आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

जो अँजेलो नावाचा सैनिक होता. सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्सच्या म्यूज-आर्गोन आघाडीवर त्याने आपल्या जखमी अधिकाऱ्याला गोळीबारातून ओढत खड्ड्यात नेलं आणि वाचवलं. त्यासाठी त्याला मोठं शौर्यपदक मिळालं. तो अधिकारी म्हणजे जॉर्ज पॅटन, पुढे दुसऱ्या महायुद्धात गाजलेला सेनापती. १९३१ मध्ये हाच अँजेलो बेकार होता. न्यू जर्सीहून तो चालत वॉशिंग्टनला गेला, छातीवर पदकं लावून संसदीय समितीपुढे उभा राहिला आणि काम द्या नाहीतर आमचे पैसे द्या, एवढंच सांगून आला.

पुढच्या वर्षी एकटादुकटा माणूस नव्हे, लोंढा आला. मे १९३२ मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलँडहून वॉल्टर वॉटर्स हा माजी सार्जंट तीनएकशे लोकांना घेऊन निघाला. मालगाड्यांच्या डब्यांत बसून देश ओलांडत ते राजधानीत पोचले. बातमी पसरली तसे गावोगावचे माजी सैनिक निघाले. जून सरेपर्यंत बायकामुलं धरून वीस हजारांहून जास्त माणसं जमली. सगळ्यात मोठा तळ अ‍ॅनाकोस्टिया नदीच्या काठच्या चिखलाट सपाटीवर होता. जुनी लाकडं, पत्रे, खोकी, मोटारींचे भंगार भाग यांच्या झोपड्या, पण रस्ते आखलेले, सकाळची हजेरी, दारूला बंदी. युद्धाच्या वेळी गोऱ्या आणि काळ्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या असायच्या. इथे मात्र ते शेजारी शेजारी राहिले, एका रांगेत जेवले. शहराचे पोलीसप्रमुख पेल्हम ग्लासफर्ड स्वतः त्या युद्धातले ब्रिगेडियर जनरल. मोटारसायकलवरून ते तळावर चक्कर मारायचे आणि धान्याची सोय करायचे.

मागणी एकच: १९४५ चे पैसे आज द्या. १५ जूनला कनिष्ठ सभागृहाने ती मान्य केली. १७ जूनला सीनेटने ६२ विरुद्ध १८ मतांनी फेटाळली. बाहेर पायऱ्यांपाशी हजारो सैनिक निकालाची वाट बघत उभे होते. दंगा होईल अशी सगळ्यांना धास्ती होती. वॉटर्सने निकाल सांगितला, लोकांनी देशगीत म्हटलं आणि रांगेने तळावर परत गेले.

बरेच घरी गेले. त्यासाठी संसदेने एक लाख डॉलर मंजूर केले, आणि हे मुद्दाम लक्षात ठेवावं: तिकिटाचे ते पैसे उसने होते, ज्याच्या त्याच्या प्रमाणपत्रातून वळते करून घ्यायचे होते. ज्यांना घरच उरलं नव्हतं ते तिथेच राहिले.

२८ जुलैला शहरातल्या रिकाम्या सरकारी इमारतींतून सैनिकांना बाहेर काढताना पोलिसांनी गोळ्या झाडल्या. विल्यम हुश्का आणि एरिक कार्लसन हे दोन माजी सैनिक त्यात गेले. दुपारी लष्कर आलं. लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर स्वतः हजर. घोडदळ, संगिनी लावलेलं पायदळ, सहा रणगाडे, अश्रुधूर. घोडदळात मेजर पॅटन होता, ज्याला अँजेलोने वाचवलं होतं तोच. नदी ओलांडू नका असा हूव्हर यांचा निरोप असूनही मॅकआर्थर पूल ओलांडून गेले आणि रात्री अ‍ॅनाकोस्टियाचा तळ जळाला. हुश्का आणि कार्लसन यांना अर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत मानाने पुरलं. ज्या पैशासाठी ते आले होते तो मिळण्याचा मार्ग त्यांच्यासाठी एकच उरला होता आणि तो कायद्यातच लिहिलेला होता: मेल्यावर वारसांना पूर्ण रक्कम.

नोव्हेंबरमध्ये हूव्हर निवडणूक हरले. त्याला मंदी पुरेशी होती, पण जळत्या झोपड्यांचे फोटोही लोकांनी पाहिले होते. त्यांच्या जागी आलेले रूझवेल्टही बोनसच्या विरोधातच होते. त्यांचं म्हणणं असं की भुकेला प्रत्येक माणूस सारखाच, सैनिकाला वेगळी वागणूक का. १९३३ मध्ये पुन्हा सैनिक आले तेव्हा त्यांनी लष्कर धाडलं नाही. पत्नी एलिनॉर तळावर जाऊन त्यांच्याशी बोलल्या, आणि पैशाऐवजी सरकारी कामं देऊ केली. त्या कामांपैकी एक फ्लोरिडाच्या बेटांवरचा महामार्ग. २ सप्टेंबर १९३५ ला तिथे भयंकर चक्रीवादळ आलं. माजी सैनिकांच्या छावण्या समुद्रसपाटीच्या जेमतेम वर होत्या, त्यांना न्यायला निघालेली गाडी उशिरा पोचली. अडीचशेहून जास्त माजी सैनिक बुडाले.

जानेवारी १९३६ मध्ये संसदेने रूझवेल्ट यांचाही नकाराधिकार मोडून काढला. कर्जावरचं ऑक्टोबर १९३१ नंतरचं व्याज माफ झालं, म्हणजे मघाच्या हिशेबातला तो सापळा उघडला. बाकीची रक्कम पन्नास-पन्नास डॉलरच्या रोख्यांत द्यायची, आणि ते रोखे हवे तेव्हा वटवता येतील. ठेवून घेणाऱ्याला तीन टक्के व्याज. १५ जून १९३६ ला टपालखात्याने ते नोंदणीकृत टपालाने पाठवले आणि देशभरचे पोस्टमन दारोदार हिंडले. तीसएक लाख घरांत सरासरी साडेपाचशे डॉलर. साध्या नव्या मोटारीची किंमत त्याच्या आसपास होती, आणि खरंच पुष्कळांनी मोटारी घेतल्या. कुणी उधारी फेडली, कुणी घराचं छप्पर केलं. बहुतेकांनी रोखे लगोलग वटवले. सरकारचं दिवाळं निघालं नाही. उलट त्या वर्षी बाजारात उठाव आला.

आपल्याकडे ‘वन रँक वन पेन्शन’ची थकबाकी हप्त्याहप्त्याने देण्यावरून वाद झाला, तेव्हा मला हे सगळं आठवत होतं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये क्रम लावून दिला: आधी कुटुंबनिवृत्तिवेतनवाले आणि शौर्यपदकवाले, मग सत्तरीच्या पुढचे, मग बाकीचे. सत्तरीच्या माणसाला ‘पुढच्या हप्त्यात’ म्हणणं आणि चाळिशीच्या माणसाला म्हणणं एकच नाही, हे त्या आदेशात उघड दिसतं. साताऱ्या-कोल्हापुरातल्या ज्या गावांत घरटी एक फौजी आहे, तिथल्या कुणालाही हे विचारून बघावं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची दीड कोटीहून जास्त माणसं गणवेशात गेली. ती एकदम परत आली आणि बेकार राहिली तर १९३२ पुन्हा होईल, ही धास्ती वॉशिंग्टनमध्ये प्रत्येकाला होती. म्हणून या वेळी युद्ध चालू असतानाच तयारी झाली. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे हॅरी कोल्मरी यांनी वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात बसून हॉटेलच्याच कागदांवर हाताने मसुदा लिहिला. संसदेच्या संयुक्त समितीत तो एका मतावर अडकला, तेव्हा जॉर्जियातले आजारी सदस्य जॉन गिब्सन यांना रातोरात विमानाने आणून ते मत मिळवलं. २२ जून १९४४ ला, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरल्यावर सोळा दिवसांनी, रूझवेल्ट यांनी सही केली. लोक त्याला जीआय बिल म्हणतात.

त्यात काय होतं? नोकरी मिळेपर्यंत आठवड्याला वीस डॉलर, जास्तीत जास्त बावन्न आठवडे. शिकायचं असेल तर वर्षाला पाचशे डॉलरपर्यंत फी सरकार भरणार, शिवाय राहण्याखाण्याला एकट्या माणसाला महिना पन्नास, कुटुंबवाल्याला पंचाहत्तर. घर, शेत किंवा धंद्यासाठी बँकेचं कर्ज घेतलं तर त्यातल्या निम्म्या रकमेला, दोन हजार डॉलरपर्यंत, सरकार जामीन. आळशी लोक वर्षभर वीस डॉलरवर बसून खातील अशी ओरड झाली. प्रत्यक्षात बेकारभत्त्यासाठी राखलेल्या पैशातला वीस टक्क्यांहून कमी खर्च झाला. अठ्ठ्याहत्तर लाख जणांनी काहीतरी शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतलं, त्यातले बावीस लाख कॉलेजात गेले. १९४७ मध्ये अमेरिकी कॉलेजांतला जवळजवळ दर दुसरा विद्यार्थी माजी सैनिक होता.

म्हणजे फरकाचा अर्थच बदलला. १९२४ ला हिशेब मागच्या दिवसांचा होता, दिवसाला सव्वा डॉलर. १९४४ ला हिशेब पुढच्या दिवसांचा केला: तुझी चार वर्षं गेली, त्यात तू शिकला असतास, हुन्नर कमावला असतास, घर बांधलं असतंस, ते आता कर. मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं, पण एका अटीवर, की ते खरोखर सगळ्यांच्या हाती पडावं. तसं झालं नाही. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता, पण अंमलबजावणी राज्यांच्या आणि गावातल्या बँकांच्या हाती दिली, आणि ती तशीच ठेवण्यासाठी मिसिसिपीचे संसद सदस्य जॉन रँकिन हटून बसले होते. काळ्या सैनिकाला गोऱ्यांच्या कॉलेजात प्रवेश नाही, काळ्यांच्या कॉलेजांत जागा नाहीत. सरकार जामीन असलं तरी कर्ज द्यायचं की नाही हे बँकवाल्याने ठरवायचं. १९४७ मध्ये मिसिसिपीत सरकारी हमीची तीन हजारांहून जास्त कर्जं दिली गेली, त्यातली काळ्या माजी सैनिकांच्या वाट्याला आली दोन. अ‍ॅनाकोस्टियाच्या चिखलात एका रांगेत जेवलेल्यांपैकी काळ्यांच्या मुलांना या कायद्याने दारातच उभं ठेवलं.

जीआय बिलाच्या गडगडाटात आणखी एक छोटा कायदा झाकला जातो. तो फेब्रुवारी १९४४ चा, निव्वळ निरोपाच्या पैशाचा. साठ दिवसांच्या आत सेवा झाली असेल तर शंभर डॉलर, त्याहून जास्त पण देशातच झाली असेल तर दोनशे, समुद्रापार गेला असेल तर तीनशे. साध्या सैनिकाचा पगार आता महिन्याला पन्नास होता, म्हणजे तीनशे हे सहा महिन्यांचे झाले. देण्याची पद्धत १९१९ सालची नव्हती. छावणीच्या दारात शंभर रोख. महिन्याभराने घरच्या पत्त्यावर शंभरचा धनादेश. आणखी महिन्याने उरलेले शंभर, तोवर माणूस नोकरीच्या शोधात फिरत असतो आणि जवळचं संपत आलेलं असतं.